जगाचे व्याजदर उतरेपर्यंत मशीन थांबवू का?

वाचकाचं पत्र:

ताई, शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. जवळच्याच फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव सुटे भाग) येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. निम्मा माल देशातल्या ट्रॅक्टर कंपनीला जातो. बाकीचा एका निर्यातदारामार्फत जर्मनीला आणि थोडा अमेरिकेला. आणखी एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायचा विचार आहे. ४० लाखांचं कर्ज लागेल, सात वर्षांसाठी. बँक दहा टक्क्यांच्या आसपास सांगते. पुण्याचे पाहुणे म्हणतात, जगभर दर उतरायला लागलेत, वर्षभर थांब, स्वस्तात मिळेल. मोबाइलवर एक जण सांगतो अमेरिकेत मंदी येणार, दुसरा सांगतो महागाई परत उसळणार. एक एजंट जपानी येनमध्ये तीन टक्क्यांनी कर्ज करून देतो म्हणून मागं लागलाय. त्यात आमच्या अण्णांची सहकारी बँकेतली १५ लाखांची ठेव पुढच्या महिन्यात संपतेय. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेत. नवा दर कमी मिळणार म्हणून ते सगळी रक्कम गावातल्या पतसंस्थेत टाकायचं म्हणतात. मला काही सुधरेना. कुणाचं ऐकू?

— शिरोलीहून एक वाचक

दादा,

आधी सरळ उत्तर देते, कारणं नंतर. हातात ऑर्डर असेल तर मशीन घ्या. फक्त व्याज उतरेल म्हणून वर्ष घालवू नका. येनचं कर्ज घेऊ नका. आणि अण्णांचे सगळे पैसे पतसंस्थेत जाऊ देऊ नका. त्यासाठी घरात दोन दिवस अबोला झाला तरी चालेल.

आता तुमच्या पाहुण्यांच्या बोलण्याकडे येते. दर उतरलेत हे ते खरं सांगतायत. पण पुढं आणखी किती आणि कधी उतरतील, हे ज्यांच्या हातात दर आहेत त्यांनाही सांगता येत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेचंच बघा. २०२५-२६ या वर्षात महागाई किती राहील याचा तिचा अंदाज फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.२ टक्के होता. एप्रिलमध्ये तो ४ झाला, जूनमध्ये ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६ आणि डिसेंबरमध्ये २ टक्के. वर्ष तेच, अंदाज करणारी माणसं तीच, आणि दहा महिन्यांत आकडा निम्म्याहून खाली. भाजीपाला आणि डाळी इतक्या उतरतील हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचंही तसंच. २०२५ मध्ये जगाची वाढ ३.३ टक्के होईल असं त्यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत म्हटलं. एप्रिलमध्ये अमेरिकेनं आयातशुल्काचा बडगा उगारला आणि अंदाज २.८ वर आला. जुलैमध्ये तो ३, ऑक्टोबरमध्ये ३.२. म्हणजे घाबरून खाली गेलेला आकडा जवळपास जागेवर आला. एप्रिलमधला अहवाल वाचून ज्यानं मशीनची ऑर्डर रद्द केली असेल, त्याचं नुकसान कुठल्याच अहवालात छापून येत नाही.

ही माणसं अडाणी नाहीत. प्रत्येक अंदाजाच्या मागं "तेलाचा भाव इतका राहिला तर", "पाऊस नीट झाला तर", "शुल्क आहे तेवढंच राहिलं तर" अशा अटी असतात. अहवालात त्या स्पष्ट लिहिलेल्या असतात, व्हिडिओत त्या गळतात आणि तुमच्यापर्यंत नुसता आकडा पोचतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अंदाज वाचावेत ते आपण किती चुकू शकतो याची कल्पना यावी म्हणून. मशीन कुठल्या तारखेला घ्यायचं, हे त्यातून ठरवायला जाऊ नये.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. ४० लाख, सात वर्षं, दहा टक्के धरले तर महिन्याचा हप्ता येतो साधारण ६६,४०० रुपये. वर्षभर थांबलात आणि दर अर्ध्या टक्क्यानं उतरून साडेनऊ झाला, तर हप्ता होतो सुमारे ६५,४००. फरक महिन्याला हजार-अकराशेचा. तुमचा व्हीएमसीचा ताशी दर मला माहीत नाही, पण ४०० रुपये धरला तर हा फरक अडीच-पावणेतीन तासांच्या कामाचा आहे. सकाळी लाईट गेली, ऑपरेटर उशिरा आला, एखाद्या जॉबचं सेटिंग लांबलं, तर एका दिवसात तेवढे तास जातात. आणि वर्षभर मशीनच नाही म्हणून जे काम दुसऱ्या शॉपला जाईल, ते परत यायला किती दिवस लागतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

हाच हिशेब उलट्या बाजूनंही करा, कारण खरी जोखीम तिथं आहे. ताशी ४०० नं नुसता हप्ता निघायला महिन्याला १६६ तास लागतात. त्यावर ऑपरेटरचा पगार, लाईट बिल, इन्सर्ट, कूलंट, मेंटेनन्स. दोन शिफ्ट आणि पंचवीस दिवस धरले तर महिन्याचे ४०० तास होतात. त्यातले निदान तीनशे तास भरतील एवढं काम आज दिसतंय का? ट्रॅक्टर कंपनीकडून येणारं पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल आणि निर्यातदाराचं शेड्यूल समोर ठेवून वहीत मांडा. "साहेब म्हणालेत की वाढणार आहे" हे शेड्यूलमध्ये धरू नका. तीनशे तास भरत नसतील तर आठ टक्क्यांनी मिळणारं कर्जसुद्धा महागच पडेल. भरत असतील तर दहा टक्के झेपतील.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. तुमचं बिल महिन्याला दहा लाखांचं आहे असं समजा आणि पेमेंट साठ दिवसांऐवजी नव्वद दिवसांनी यायला लागलं. दहा लाख रुपये कायमचे अडकले. सीसीवर (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेच्या फिरत्या कर्जावर) दहा टक्क्यांनी त्याचं व्याज वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या वर. व्याजदरातल्या अर्ध्या टक्क्याच्या आठपट पैसा इथं जातो. वॉशिंग्टनमध्ये काय ठरतंय यापेक्षा ट्रॅक्टर कंपनीच्या अकाउंट्स विभागात काय ठरतंय, याचा तुमच्या खिशावर जास्त परिणाम होतो.

मग जगाकडे बघायचंच नाही का? बघायचं, पण तुमचा माल जिथं जातो तिथं काय चाललंय यासाठी.

अमेरिकेपासून सुरुवात करते. तिथं जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. आदल्या वर्षी फेडरल रिझर्व्हचे (तिथल्या रिझर्व्ह बँकेचे, थोडक्यात फेडचे) तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल हीच महागाई तात्पुरती आहे असं सांगत होते. मग शून्याजवळचा दर वाढवत जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. सप्टेंबर २०२४ पासून कपात सुरू झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो ३.५० ते ३.७५ वर आला. पण त्या डिसेंबरच्या बैठकीत बारापैकी तीन मतं विरोधात पडली. एकाला मोठी कपात हवी होती, दोघांना कपातच नको होती. एकाच टेबलाभोवती बसलेली, तेच आकडे वाचलेली माणसं दोन दिशांना ओढत होती. कारण तिथल्या कायद्यानं त्यांच्यावर दोन कामं सोपवली आहेत, भाव स्थिर ठेवणं आणि रोजगार टिकवणं. आयातशुल्कानं वस्तू महागल्या की दर वर ठेवावा वाटतो, नोकऱ्या मंदावल्या की खाली आणावा वाटतो. २०२५ मध्ये दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. तुमच्या मोबाइलवरचे ते दोघं, एक मंदीवाला आणि एक महागाईवाला, याच गोष्टीचं एकेक टोक धरून बसलेत.

पाहुण्यांना हेही सांगा. फेडनं सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये दर एक टक्का कमी केला, तेव्हा अमेरिकन सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा दर उतरण्याऐवजी चढला. मध्यवर्ती बँकेच्या हातात एका रात्रीपुरत्या उसनवारीचा दर असतो. दहा वर्षांचा दर बाजार ठरवतो, आणि तो सरकारचं कर्ज किती वाढतंय, महागाई पुढं काय करेल हे बघून ठरवतो. त्यामुळं "जगात दर उतरले" म्हणजे लांब मुदतीचं कर्ज सगळीकडे स्वस्त झालं असं होत नाही.

तुमच्या अमेरिकेच्या मालाला व्याजापेक्षा मागणीचा आणि शुल्काचा प्रश्न मोठा आहे. मका-सोयाबीनचे भाव पडल्यामुळं तिथल्या शेतकऱ्यांनी २०२४ आणि २०२५ मध्ये यंत्रं घेणं कमी केलं. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लागलं. मोटारींचे भाग, पोलाद, ॲल्युमिनियम यांचा हिशेब वेगळ्या कलमाखाली होतो, आणि हे दर वरचेवर बदलतात. तुमचं कास्टिंग कुठल्या वर्गात मोडतं आणि आज त्यावर किती शुल्क आहे, हे निर्यातदाराला फोन करून विचारा. मोघम उत्तर घेऊ नका, कोड नंबर लिहून घ्या.

जर्मनीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तुमचा माल तिकडं जास्त जातो. युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई १०.६ टक्के होती. रशिया-युक्रेन युद्धानं गॅस महागला हे त्यातलं मोठं कारण. युरोपियन सेंट्रल बँकेनं ठेवींवरचा दर ४ टक्क्यांपर्यंत नेला, मग जून २०२४ पासून कमी करत जून २०२५ मध्ये २ वर आणला आणि पुढं वर्षअखेरपर्यंत तिथंच ठेवला. महागाई दोन टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे त्यांच्या हिशेबानं काम फत्ते. तरी जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली. दर निम्म्यावर आले म्हणून कारखाने लगेच धडाडले नाहीत. वीज-गॅसचा खर्च, चीनच्या मोटारींची स्पर्धा, गिऱ्हाइकांनी आखडता घेतलेला हात, यावर व्याजदर हे एकटं औषध पुरत नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सरकारी कर्जावरची घटनेतली मर्यादा सैल केली आणि पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी मंजूर केला. तो पैसा पूल, रेल्वे, पंप, यंत्रं यात उतरेल तेव्हा कास्टिंगलाही मागणी येईल. पण त्याला वेळ लागेल. तोवर जर्मन शेड्यूल वाढेल असं धरून मशीन घेऊ नका.

चीनचा माल तुम्हाला दिसत नसेल, पण तुमच्या दरावर त्याचा हात असतो. कास्टिंग बनवण्यात चीन जगात पहिला, आपण दुसरे. तिथं घरबांधणी कोसळल्यापासून लोक खर्च करायला धजत नाहीत. २०२५ मध्ये किरकोळ महागाई शून्याच्या आसपास होती, आणि कारखान्यातून निघणाऱ्या मालाचे भाव ऑक्टोबर २०२२ पासून २०२५ संपेपर्यंत आदल्या वर्षाच्या तुलनेत सतत घसरतच राहिले. सरकारी आकड्यांनुसार २०२४ ची वाढ पाच टक्के आहे, पण घरात न खपलेला माल बाहेर जातोय. त्या एका वर्षात त्यांनी दहा कोटी टनांहून जास्त पोलाद निर्यात केलं. अमेरिकेचं दार अरुंद झालं की तो माल युरोपकडं वळतो, आणि मग तुमच्या निर्यातदाराचा जर्मन ग्राहक म्हणतो, "दर कमी करा." पुढच्या वेळी असा मेल आला तर तुमच्या कामात खोट आहे असं समजू नका. पण दर कमी करण्याआधी हाताशी हा ताशी खर्चाचा कागद ठेवा.

जपानचं फक्त त्या एजंटपुरतं सांगते. जपाननं मार्च २०२४ मध्ये सतरा वर्षांनी पहिल्यांदा व्याज वाढवलं. डिसेंबर २०२५ मध्ये ते ०.७५ टक्क्यावर गेलं, तीस वर्षांतलं सगळ्यात जास्त. अमेरिका-युरोप उतरवत असताना हे चढवत होते. म्हणजे येनचं व्याज आज कमी असलं तरी त्याची दिशा वरची आहे. आणि धोका व्याजापेक्षा चलनात आहे. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६० हून जास्त येन मिळत होते. महिनाभरात तो भाव १४२ च्या आसपास आला, म्हणजे येन दहा टक्क्यांहून जास्त महागला. स्वस्त येन घेऊन दुसरीकडं गुंतवणाऱ्यांची पळापळ झाली आणि ५ ऑगस्टला टोकियोच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक पडला. त्या महिन्यात तुमचं येनचं कर्ज असतं तर ४० लाखांची मुद्दल रुपयांत सुमारे पाच लाखांनी वाढली असती, एकही हप्ता न चुकवता. त्यात आपला रुपया डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरला ९० च्या पलीकडं गेला. मोठ्या कंपन्या विनिमय दराचा विमा उतरवून असं कर्ज घेतात. तो खर्च धरला की तीन टक्के तीन राहत नाहीत. तुम्हाला निर्यातदार रुपयांत पैसे देतो, पगार रुपयांत, लाईट बिल रुपयांत. कर्जही रुपयांतच घ्या.

आता आपल्या घरची बाजू, जी मला सगळ्यात आशेची वाटते. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने देते तो) फेब्रुवारी २०२५ पर्यंत दोन वर्षं ६.५ टक्के होता, डिसेंबरपर्यंत तो ५.२५ वर आला. सव्वा टक्का उतरून झालाय. पाहुणे ज्या स्वस्ताईची वाट बघायला सांगतायत, तिचा बराचसा भाग येऊन गेलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. देशभरात पाऊस सरासरीहून जास्त झाला (मराठवाड्यात त्यानंच शेतं वाहून नेली, ते दुःख वेगळंच). म्हणून तुमच्या जागी मी असते, तर नवं मशीन आधी देशी ट्रॅक्टरच्या कामावर भरलं असतं. फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) अशी करून घेतली असती की निर्यातीचा जॉब आला तर चढवता येईल, नाही आला तर मशीन रिकामं बसणार नाही.

बँकेत जाताना एक गोष्ट नीट बघा. व्यापारी बँका सूक्ष्म आणि लघुउद्योगांना जे बदलत्या दराचं नवं कर्ज देतात, ते ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावं लागतं. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर हलतो. सहकारी बँकांना आणि वित्त कंपन्यांना हे बंधन नाही. तुमची सध्याची सीसी जुन्या पद्धतीच्या दरावर असेल तर सव्वा टक्क्यातलं किती तुमच्यापर्यंत पोचलं ते या आठवड्यातच तपासा. मंजुरीपत्रात "रेपो अधिक अमुक टक्के" असं लिहिलेलं असतं. त्यातल्या "अमुक" वर घासाघीस करा. रेपो तुमच्या हातात नाही, ते अमुक आहे. सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) चांगला असेल, हप्ते वेळेवर असतील, तर दोन बँकांची पत्रं समोरासमोर ठेवून बोला.

आणि थांबण्याचं उरलंसुरलं कारणही आता गेलंय. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर व्यापारी बँकांना सूक्ष्म व लघुउद्योगांकडून मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही. उद्या दर खरंच खाली गेले तर रेपोला जोडलेला तुमचा हप्ता आपोआप उतरेल, आणि दुसरी बँक त्याहून कमी देत असेल तर तिकडं जायला दंड नाही. कर्ज अशाच बँकेचं आहे ना, उद्यम नोंदणी चालू आहे ना, एवढी खातरजमा करा.

शेवटी अण्णांचं. त्यांचा त्रास मला समजतो. ज्या दर उतरण्यानं तुमचा हप्ता कमी होतो, त्यानंच त्यांचं महिन्याचं उत्पन्न घटतं. सरकारी आकड्यात महागाई उतरली तरी औषधाचं बिल तेवढ्यानं थांबत नाही. पण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकेतल्याही, पण एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. म्हणजे आज त्यांच्या १५ लाखांतले दहा लाख विम्याबाहेरच आहेत. त्यांना पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. २०२५ च्या अखेरीस तिचा दर ८.२ टक्के होता. ज्या दिवशी पैसे भराल त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं आणि मर्यादा ३० लाखांची आहे. दर तिमाहीला हा दर नव्यानं जाहीर होतो, म्हणून भरण्याआधी काउंटरवर विचारा. अकरा लाख तिथं, आणि उरलेले चार लाख अडीअडचणीला म्हणून त्याच सहकारी बँकेत एक वर्षाच्या ठेवीत. ८.२ टक्क्यांनी अकरा लाखांवर तिमाहीला साधारण साडेबावीस हजार रुपये येतील. तो आकडा कागदावर लिहून अण्णांच्या हातात द्या. पतसंस्थेच्या चेअरमनशी त्यांची जुनी ओळख असेल, शब्द मोडवत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे जाणारा संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल आधी मागा. वर्ग आणि थकबाकी वाचून मगच, फार तर पन्नास हजार.

व्हिडिओ बंद करा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण दर दोन महिन्यांनी येतं, महागाईचा आकडा महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतो. एवढं पेपरात वाचलंत तरी पुष्कळ. बाकी वेळात निर्यातदाराला तो कोडचा फोन लावा, आणि शेड्यूलचे तास मोजून झाले की मला कळवा. तीनशेच्या खाली आले तर बँकेत जाण्याआधी आपण परत बोलू.